बिनखर्ची गोधड्या

काकूंना मी कधी रिकाम्या हातानं आलेलं पाहिलं नाही, आणि कधी पैसे देताना पाहिलं नाही. या दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

रिक्षातून उतरल्या की त्या रिक्षावाल्याच्या हातावर दोन हापूस ठेवत. हापूस नसेल त्या महिन्यांत कोकम सरबताची बाटली, नाहीतर आंबापोळीची गुंडाळी. "काकू, पंधरा रुपये झाले," असं एका नवख्या रिक्षावाल्यानं सांगून बघितलं. "मेल्या, बाजारात ह्या दोन आंब्यांचे तीस येतील. वरचे पंधरा तू मला परत देणार आहेस काय?" त्यानं आंबे सीटखाली ठेवून रिक्षा वळवली. डॉक्टरांची फी म्हणून त्यांनी एकदा फणस पाठवला होता. तो दवाखान्याच्या बाकावर पेशंटासारखा बसून होता, आणि कंपाउंडर त्याच्याभोवतीनं केर काढत होता.

नातवंडांनो, परवा परदेशातून फोनवर तुमच्या आईनं सांगितलं, की शाळेच्या मदतनिधीसाठी केक करायला तिनं जेवढ्याचं सामान आणलं, त्याच्या निम्म्यालाही तो केक विकला गेला नाही, आणि तरी शाळेनं आभाराचं पत्र धाडलं. तुम्ही दोघं मागं हसत होतात. तेव्हापासून मला काकू आठवताहेत. हा मूर्खपणा तिकडचाच आहे अशी तुमची समजूत नको. आमच्या रत्नागिरीत तो फार आधी पूर्णत्वाला गेला होता.

काकू म्हणजे आमच्या आळीच्या टोकाच्या बागायतदारीण. यजमान लवकर गेलेले, मुलगे मुंबईला, आणि इथे मोठं कौलारू घर, गोठा आणि मागच्या उतारावर हापूसची कलमं. सगळी आळी त्यांना काकू म्हणे. मी त्यांच्याहून फार लहान नव्हते, तरी मीही काकूच म्हणायची. त्या मला 'मास्तरीणबाई' म्हणत, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्या शब्दात आदर होता असं मला तरी कधी वाटलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या महिला मंडळानं ठरवलं, की आतल्या गावांतून आजारी माणसं रत्नागिरीला आणण्यासाठी एक रुग्णवाहिका घ्यायची. ठरवणं सोपं असतं. पैसे कुठून आणायचे, यावर सगळ्याजणी बशीतल्या चिवड्याकडे बघू लागल्या. मी सुचवलं, प्रत्येकीनं दरमहा काहीतरी द्यावं आणि मुंबईच्या नातेवाइकांकडून वर्गणी मागावी. तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या.

"वर्गणी म्हणजे भीक. आपण गोधड्या शिवू नि विकू."

रत्नागिरीत थंडी म्हणजे पंखा एकानं कमी करणं. पण गोधड्या इथे विकायच्या नव्हत्या, मुंबईत विकायच्या होत्या. तिथे थंडी त्याहूनही कमी. हे मी बोलून दाखवलं.

"मास्तरीणबाई, गोधडी काय थंडीसाठी घेतात? गोधडी आठवणीसाठी घेतात," काकू म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडणाऱ्या वाक्यांपासून जपून राहा, असं मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे. बायकांना सांगायची सोय नव्हती. मला खजिनदार केलं गेलं.

आता गोधडीला काय काय लागतं ते बघा. जुन्या मऊ साड्या लागतात, आत भरायला धोतरं नि चादरी लागतात, दोऱ्याची रिळं लागतात, सुया लागतात, आणि शिवणारी लागते. नंतर ती मुंबईला न्यायला टेम्पो लागतो. मी कागद घेऊन बसले आणि विचारलं, "हा सगळा खर्च कशातून भागवायचा?"

"कसला खर्च?" काकू म्हणाल्या. "मी बघते."

त्यांचं बघणं म्हणजे आंबे. जुनी साडी देणाऱ्या घराला डझनभर हापूस. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देते, तेही घासाघीस करून. काकूंचा भाव तिच्यापेक्षा इतका बरा होता, की काही घरांतून बऱ्यापैकी नव्या साड्यासुद्धा जुन्या व्हायला लागल्या. दोऱ्याच्या दुकानदाराला पेटी. टेम्पोवाल्याला पेटी. विक्रीची पत्रकं छापणाऱ्याला पेटी. मोसम नसेल तेव्हा शब्द: "वैशाखात पाठवीन हो." आणि अख्ख्या गावात एकालाही 'आंबे नकोत, पैसे द्या' म्हणायची छाती नव्हती. हापूसच्या पेटीला कोकणात नाही म्हणणं म्हणजे लग्नाचं आमंत्रण परत पाठवण्यासारखं.

वर्षाअखेरीला काकूंनी मला अहवालाचा मजकूर सांगितला. "गोधड्यांचा खर्च: निरंक."

"काकू, पंचवीस-तीस पेट्या गेल्या!"

"आंबा काय मी विकत आणते? झाडाला लागतो."

"त्याच पेट्या मुंबईला धाडून त्याचे पैसे रुग्णवाहिकेला दिले असते, तर गोधड्यांच्या दुप्पट झाले असते. आणि बोटं सुईनं टोचली गेली नसती."

"मग ते माझे पैसे झाले असते. गोधड्यांचे आले ते सगळ्यांचे. आणि नोट हातात आली की माणूस मोजायला लागतो, मास्तरीणबाई. आंबा हातात आला की हुंगतो."

याला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, पण ते काढेपर्यंत काकू निघून गेल्या होत्या. त्यांच्या बऱ्याच वादविवादांचं यश हे त्यांच्या चालण्याच्या वेगाचं यश होतं.

शिवायला म्हणून मंडळाच्या बायका आधी उत्साहानं काकूंच्या पडवीत जमल्या. दोन दुपारी धावदोरा घातला, चहा झाला, कोणाची सून कुणाशी कशी बोलली ते झालं, आणि तिसऱ्या दुपारपासून एकेकीचे गुडघे दुखायला लागले. उरली ती सुलू.

सुलू लांज्याच्या वाटेवरच्या एका वाडीतली. नवरा मुंबईला गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर परत आला आणि ओटीवर बसून राहिला. घर ही चालवायची, भातशेती करून नि लोकांच्या गोधड्या शिवून. काकूंनी तिला धरून आणलं. तीही मोबदल्यात पेट्याच घेई आणि वैशाखात हायवेच्या कडेला मुंबईच्या गाड्यांना विकत उभी राही. मी एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, तुला रोख मजुरी नको का?

"नको बाय. रोख दिलेत तर घोव पितो," ती म्हणाली. घोव म्हणजे नवरा. "आंबं काय त्याला पिता येत नाय. आटवला तरी चढत नाय."

ती मोठ्यानं हसली. तिला कोणी बिचारी म्हटलेलं चालत नसे. ती बिचारी नव्हतीच. तोंडानं तर काकूंच्या तोडीस तोड होती. "काकू, चहात दूध घातलंत की गायीला नुसता दाखवलात?" असं तिनं सगळ्यांसमोर विचारलेलं मी ऐकलंय.

दुसऱ्या वर्षी दादरला एका हॉलमध्ये आम्ही गोधड्या मांडल्या. मी प्रत्येक गोधडीला नीट किमतीची चिठ्ठी लावली होती. चहा घेऊन परत आले तर चिठ्ठ्या गायब. काकू म्हणाल्या, "आपण काय वाणी आहोत? ज्याला जे वाटेल ते देईल." ज्याला जे वाटेल ते म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको. एका गृहस्थांना नुसतं कौतुकच वाटलं. तेवढं देऊन ते गेले.

मग एक बाई आल्या. केस कापलेले, चष्मा डोक्यावर. त्यांचं स्वतःचं दुकान होतं. त्यांनी गोधड्या उलटसुलट बघितल्या, टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि त्यांना त्या खरोखर आवडल्या. मला मनातून हायसं वाटलं. एवढा लांबचा पल्ला गाठून शेवटी एक व्यवहार कळणारं माणूस भेटलं होतं.

"एक शिवायला तुम्हाला खर्च किती येतो?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "काही नाही."

"काहीच नाही?"

"एक पैसाही नाही. सगळं सेवेतून आहे."

"अरे वा! मग मला शंभर-शंभरला द्या. सगळ्या घेते. म्हणजे तुम्हाला शंभराचे शंभर उरतील."

काकूंचा चेहरा मी तेव्हा बघितला. स्वतःच्या विहिरीत स्वतःचा पोहरा पडलेल्या माणसासारखा झाला होता. नाही म्हणायचं तर खर्च येतो हे कबूल करावं लागत होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही. सुलूनं पावसाळाभर वाकून शिवलेल्या गोधड्या त्या बाईंच्या गाडीत चढल्या. पुढे माझ्या भाचीनं त्यातलीच एक मुंबईत दुकानात टांगलेली पाहिली. किंमत ऐकून ती हात न लावता बाहेर आली. परतीच्या प्रवासात चिपळूणपर्यंत मी काकूंशी बोलले नाही. चिपळूणला त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि मला घावन दिलं. मी ते खाल्लं, कारण भूक लागली होती, दुसरा काही अर्थ नव्हता.

रुग्णवाहिका आली म्हणाल, तर आली. मुंबईतल्या एका भल्या माणसानं एकरकमी चेक दिला, जुनी गाडी घेतली आणि रंगवली. उद्घाटनाला काकूंनी गोधड्यांवर भाषण केलं. गोधड्यांच्या पैशांतून गाडीचे टायर झाले. तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. टायरशिवाय गाडी कुठे चालते? पण काकूंना गाडीच आपली वाटत होती. आणि आता पेट्रोल-ड्रायव्हरसाठी गोधड्या शिवतच राहायच्या असं ठरलं.

मग ते वर्ष आलं. माघात मोहोर असा काही आला होता की काकूंनी नेहमीपेक्षा जास्त शब्द दिले. दोऱ्यावाल्याला दोन पेट्या, टेम्पोवाल्याला दोन, सुलूला तर विचारूच नका. मग अवेळी पाऊस झाला, मागून तुडतुड्यांची कीड पडली आणि मोहोर काळा पडून गळाला. कलमांखाली मोहोराचा नुसता केर साचला. जे चार आंबे धरले ते आतून साक्याचे, पांढरट नि पिठूळ, निघाले. काकूंच्या बागेतच नव्हे, सगळीकडेच. पण बाकीच्यांनी आंबे कोणाला देऊ केले नव्हते.

दुकानदार सभ्य होते. "पुढच्या वर्षी बघू, काकू," म्हणाले. सुलूला पुढचं वर्ष नव्हतं. तिचं घर शाकारायचं होतं. माकडांनी उड्या मारून अर्धी कौलं फोडली होती, आणि मृग लागायच्या आत छप्पर झालं नाही तर भिंती मातीच्या. त्या एकदा भिजल्या की घर खाली बसतं. पेट्या विकून कौलं घ्यायची, असा तिचा साधा हिशेब होता. त्या हिशेबावर तिनं वर्षभर टाके घातले होते.

मी काकूंकडे गेले. म्हटलं, मंडळाच्या पैशातून सुलूला मजुरी देऊ.

"रुग्णवाहिकेच्या पैशाला हात लावायचा नाही."

"मग तुमच्याकडचे द्या."

"आंबा आला नाही तर माझ्याकडे कुठले?" ते मात्र खरं होतं.

मग मीच सुलूला म्हटलं, मी देते. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मीच काही मागायला गेल्यासारखं वाटावं. "काम काकूचं नि पैसं तुमचं? मग काकू सुटलीच की, बाय!"

काकूंनी सुटायचा एक प्रयत्न केला. सुलूला बोलावून घेतलं आणि घडी घातलेली एक गोधडी तिच्यापुढे ठेवली. मी तिथेच होते.

"पेटी नाही, तर ही घेऊन जा. चांगली आहे."

"चांगली हाय ती ठाव हाय मला. मीच शिवलीय," सुलू म्हणाली. "ती काय घरावर घालू?"

आणि ती उठून गेली. चहा तसाच ठेवून गेली, हे काकूंना जास्त लागलं.

चार-सहा दिवसांनी सकाळी मी पूजेची फुलं काढत होते, तर आळीच्या टोकाकडून कौलं सरकल्याचा आवाज. जाऊन बघते तो काकूंच्या गोठ्यावर सुलूचा नवरा चढलेला. कधी नव्हे तो शुद्धीत होता. खाली सुलू पदर खोचून उभी. फाटकाशी टेम्पो. टेम्पोवाल्याच्याही पेट्या राहिल्या होत्या. तो भाडं न घेता आला होता, पुढे काय होतंय ते बघायला.

काकू आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आल्या. "सुले! काय चाललंय हे?"

"पेट्यांचं," सुलू म्हणाली.

"दिवसाढवळ्या चोरी करतेस?"

"चोरी कसली? तुम्हाला हाक मारूनच चढवला त्याला. तुम्ही न्हाणीत होतात." मग तिनं डोळे बारीक केले. "कौलं काय तुम्ही विकत आणलात, काकू? सासऱ्याच्या वेळची हायत. घराला आपली असतात. त्याचा कसला आलाय खर्च?"

टेम्पोवाला खोकला. मी कुठे बघावं ते न कळून फुलांच्या परडीत बघत राहिले. हसू आवरत होते, हे आता सांगायला हरकत नाही. गेली तीन वर्षं मी जे इंग्रजी शाळेत शिकलेल्या गणितानं काकूंना पटवू शकले नव्हते, ते त्यांना त्यांच्याच बोलीत ऐकू आलं होतं. काकू चालून निघूनही जाऊ शकत नव्हत्या, कारण घर त्यांचंच होतं.

त्यांनी ओले केस पिळून गाठ मारली आणि गोठ्याकडे बघितलं. सुलूचा नवरा कौल हातात धरून वर तसाच थांबला होता.

"खाली उतर रे," काकू शेवटी म्हणाल्या. "गोठ्याची नको. गाय मुकी आहे. ती भिजेल नि सांगणार नाही. पडवीची काढ."

"आई गो! पडवीची?" आता सुलूच दचकली.

"पडवीची. आणि मधनं काढू नको, कडेकडेनं काढ. फोडलंस तर बघ."

तुम्हाला वाटेल, आजी आता म्हणणार की काकू मनानं सोन्यासारख्या होत्या. मी तसं काही म्हणणार नाही. ज्या बाईनं वर्षभर काम केलं तिला आपल्या मजुरीसाठी नवऱ्याला दुसऱ्याच्या छपरावर चढवावं लागलं, यात सोन्यासारखं काय आहे? एवढंच सांगते, की कौलं टेम्पोत चढेपर्यंत काकू उन्हात उभ्या होत्या, आणि जाताना सुलूनं त्यांच्याकडचा चहा घेतला. दूध आहे का ते विचारलं नाही.

सुलूचं घर मृगाच्या आत शाकारून झालं.

आषाढात मी वार्षिक अहवाल लिहायला काकूंकडे गेले. पडवीवर माडाच्या झावळ्यांचे झाप घातले होते आणि त्यांतून पाणी दहा ठिकाणी येत होतं. घंगाळ, परात, पिंप, जे सापडेल ते खाली लावलेलं. काकू मधल्या कोरड्या पट्ट्यात पाटावर बसल्या होत्या. माझी खुर्ची त्यांनी तिरकी लावून दिली. तशीच ती कोरडी राहत होती.

"लिहा. गोधड्यांचा खर्च," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मी त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट न बघता लिहिलं: 'पडवीची कौले.'

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "हे खोडा."

"खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणून. घराचं छप्पर गेलं हे काय जगाला सांगतात?"

मी खोडलं नाही. मला वाटलं, त्या पेन हिसकावून घेतील. त्यांनी पायानं परात थोडी सरकवली, बस्स.

श्रावणात सभा झाली. मी अहवाल वाचला. पहिल्यांदाच खर्चाच्या रकान्यात काहीतरी आहे म्हटल्यावर बायका जाग्या झाल्या. मागच्या रांगेतल्या एकीनं, तीच जिचे गुडघे तिसऱ्या दुपारी दुखू लागले होते, तिनं लाडिक आवाजात विचारलं, "पण काकू, कौलांपुढे आकडा नाहीये. किंमत किती धरायची?"

मी काकूंकडे बघितलं. आता त्या म्हणणार, काही नाही. सगळ्यांचीच तशी खात्री होती.

काकू उभ्या राहिल्या. पदर नीट केला.

"तुमच्या पडवीची काढा," त्या म्हणाल्या, "नि एक पावसाळा खाली बसा. मग आकडा मला येऊन सांगा."